मालूची गोळी

आमच्या आत्तींचं पोट कधी बिघडत नाही, पण दुखतं मात्र रोज. आत्ती म्हणजे माझ्या सासूबाई, अंबूबाई. आणि त्या दुखण्याचं कारण आमच्या अंगणाच्या पलीकडं राहतं. त्याचं नाव मालूबाई.

कोल्हापूर ओलांडून जोतिबाच्या वाटेला लागलं की आमचं वडणगे. तिथं आमची दोन घरं समोरासमोर आहेत. इकडे थोरले बाळासो, म्हणजे माझे सासरे. त्यांना मी मामा म्हणते. तिकडे त्यांचे धाकटे भाऊ गणपतराव काका आणि त्यांची बायको मालूकाकी, म्हणजे आत्तींची जाऊ. वाटण्या होऊन वर्षं लोटली. जमीन वाटली, म्हशी वाटल्या, तांब्यापितळेची भांडी वाटली. अंगण तेवढं वाटायचं राहिलं, आणि सगळी गोम तिथंच आहे. दोन्ही घरं सकाळी चहाला आपापल्या कट्ट्यावर येऊन बसतात, आणि समोरच्याच्या कपातला चहा दुधाचा आहे की पाण्याचा हे इकडून स्पष्ट दिसतं.

मी निशिगंधा, नेसरीची. लग्न होऊन आले तेव्हा मला वाटलं, या दोघींचं कधीतरी मोठं भांडण झालं असणार. एकदा धीर करून विचारलं तर आत्ती माझ्यावरच खेकसल्या. "भांडाण? कशाला भांडू? जाऊ हाय माझी." आणि ते खरंच होतं. विरजण, चहाची पूड, कढीपत्ता, अडीनडीला चमचाभर हळद, दिवसभर वाट्या अंगण ओलांडत असतात. समोरून आलेली वाटी रिकामी परत पाठवायची नाही, हा आमच्या अंगणाचा कायदा आहे. तो दोघींनीही कधी मोडलेला नाही. वाटी भरून द्यायची आणि मग आत येऊन जळायचं, अशी रीत.

जळायला काहीही चालायचं. मालूकाकींचं माहेर आजऱ्याचं. तिथून घनसाळ तांदूळ आला, की तो भात शिजताना सगळ्या अंगणात वास सुटायचा आणि आत्ती नाकाला पदर लावून म्हणायच्या, "कसला उग्र वास त्यो!" काजू आले तर, "असल्यानंच मानूस जाड हुतंय." पण सगळ्यात मोठा जाळ डेअरीवर. आमच्याकडे माणसाची इभ्रत डेअरीच्या मशीनवर ठरते. मालूकाकींच्या म्हशीच्या दुधाला जास्त फॅट लागली, की आत्तींना त्या दिवशी घास गोड लागत नाही. त्यांच्या मते आपल्या दुधाला फॅट कमी लागली तर मशीन बिघडलेलं असतं आणि मालूच्या दुधाला जास्त लागली तरीही मशीन बिघडलेलंच असतं.

मामांचं या कशातच लक्ष नसायचं. मामा भला माणूस, पण मुलखाचा अबोल. त्यांना पाणी हवं असलं की ते नुसतं "तांब्या" म्हणत, चहा हवा असला की खाकरत. बायकोला हाक मारायची वेळ आली तर "आगं ए". त्यांचा सगळा लाड गोठ्यातल्या म्हशीसाठी राखून ठेवलेला. तिचं नाव राणी. रोज सकाळी तिच्या मानेखाली खाजवत, पेंडीचा गोळा स्वतःच्या हातानं तिच्या तोंडात घालत ते म्हणायचे, "आ कर. आ कर गं राणी." आत्ती ते ऐकत भाकऱ्या थापायच्या, आणि त्या दिवशीच्या भाकरीवर जरा जास्तच थापा पडायच्या. एकदा त्या मला म्हणाल्याही, "आता हिच्यावर जळायचं म्हंजे लोकं हसतील. पर राणी म्हनायला काय म्हसच गावली ह्यास्नी?"

असं सगळं ठीक चाललं होतं. मग मालूकाकींना बीपी निघालं.

चुलीपुढून उठताना त्यांना गरगरलं. गणपतकाका घाबरून त्यांना गाडीवर घालून कोल्हापूरला घेऊन गेले आणि संध्याकाळी गोळ्यांची पाकिटं घेऊन परत आले. दुसऱ्या दिवशी सकाळी आम्ही नेहमीसारखे चहा घेऊन कट्ट्यावर बसलो होतो. समोरच्या दारातून काका बाहेर आले. एका हातात पाण्याचा पेला, दुसऱ्या हाताच्या तळव्यावर एक गुलाबी गोळी. "घे," ते म्हणाले. मालूकाकींनी पदर सावरला, गोळी घेतली, पेला घेतला आणि सगळं पाणी घोट घोट करत, घाई न करता प्यायल्या. काका पेला परत घ्यायला उभे होते.

आमच्या गावात पुरुष अंगणात पाणी मागतो, देत नाही. शेजारची दोन माणसं रस्त्यावरून जाता जाता थांबली. आत्तींच्या कपातल्या चहावर साय धरली.

"लई जपत्यात हो मला," मालूकाकी मोठ्यानं म्हणाल्या. कुणी विचारलं नव्हतं.

त्या दिवसापासून आत्तींना तांदूळ दिसेना, काजू दिसेनात, फॅटसुद्धा दिसेना. त्यांना एकच गोष्ट दिसायची: गुलाबी गोळी आणि तिच्यामागचा गणपतकाकांचा हात. सकाळी त्या कट्ट्यावर येऊन बसत, ते दृश्य डोळे भरून बघत, आणि आत येऊन भांडी आपटत. मामांपुढे दोनदा मोठ्यानं कण्हून झालं, एकदा डोक्याला फडकं बांधून झालं. मामांनी विचारलं, "बाम हाय का घरात?" आणि गोठ्यात निघून गेले. मला हसू येत होतं आणि खरं सांगायचं तर जरा भरूनही येत होतं. कारण हे नुसत्या गोळीचं नव्हतं. मामांनी त्यांना अंगणात, चार लोकांत, हातात पाणी द्यावं, एवढंच त्यांना पाहिजे होतं. ते मागून मिळायचं नाही, आणि मागायची जीभ आत्तींना नव्हती. मग त्यांनी ठरवलं की आपल्यालाही बीपी पाहिजे.

योगायोगानं डेअरीच्या आवारात तपासणीचं शिबिर लागलं. स्नेहल नावाच्या तरुण डॉक्टरीणबाई आल्या होत्या. दुधाच्या रांगेशेजारीच बीपीची रांग लावलेली, त्यामुळे बायका एकीकडे किटली ठेवत आणि दुसरीकडे दंड पुढे करत. मालूकाकींचं गोळी घेऊनही दीडशेच्या वर आलं. आत्तींचं आलं एकशे अठरा.

"पुन्यांदा लावा," आत्ती म्हणाल्या.

"आजी, बरोबर आहे. छान आहे तुमचं."

"छान कुठलं? तिला दीडशे लागली आनि मला एकशे अठरा? आम्ही दोघी एकाच आडाचं पानी पितो. मशीन बिघडलंया तुमचं."

"आजी, यात कमी असलेलंच चांगलं."

"दुधाला कमी चांगलं असतंय व्हय?" आत्तींनी रांगेकडे वळून विचारलं, आणि रांगेतल्या निम्म्या बायकांनी माना हलवल्या. त्यांनाही ते पटलं होतं. शेजारच्या एकीनं तर आपलं एकशे साठ आल्याचं तोंड भरून सांगितलं. मालूकाकी नुसत्या किटली उचलून आमच्या पुढून हळूहळू, पेशंटच्या चालीनं निघून गेल्या. ती चाल आत्तींच्या जिव्हारी लागली.

डॉक्टरीणबाईंनी जाता जाता सगळ्यांना सांगितलं होतं, की मीठ कमी खा, लोणची-पापड टाळा, मिठानं बीपी वाढतं. आत्तींनी तेवढंच ऐकलं. दुसऱ्या दिवसापासून आमच्या घरात मिठाचा मारा सुरू झाला. खर्ड्यात मीठ, ताकात मीठ, लोणच्याचा खार भाताला कालवून. मी ओरडले, यशराज, म्हणजे माझा नवरा, ओरडला. तो शिरोलीच्या फौंड्रीत कामाला. संध्याकाळी दमून येऊन खारट आमटीपुढे बसायचा. मामा मात्र मुकाट्यानं जेवत. त्यांना आधीपासूनच खारट आवडायचं. आरोग्य उपकेंद्रात जाऊन आत्ती परत दंड पुढे करून आल्या. एकशे बावीस. "वाढतंय," त्या मला म्हणाल्या, आणि गाभण म्हशीबद्दल बोलताना येतो तसा समाधानाचा सूर त्यांच्या आवाजात होता.

पण वाढायचा वेग त्यांना परवडेना. तिकडे रोज सकाळी पेला बाहेर येत होता.

मग एका रविवारी त्यांनी वाटी उचलली. मी गोठ्यात होते, त्यामुळे हे मला नंतर कळलं. आत्ती अंगण ओलांडून गेल्या आणि मालूकाकींना म्हणाल्या, "मालू, तुझ्या त्या बीपीच्या गोळ्या दे की चार. माझ्या संपल्यात. बाजारला गेले की आनून देते."

मालूकाकींचं तोंड उतरलं म्हणे. "तुलाबी सुरू केल्या, आक्का? किती हाय तुला?"

"तुझ्याएवडंच. वाईच जास्त."

साखर मागितली असती तर साखर आली असती. गोळ्या मागितल्या, गोळ्या आल्या. वाटी रिकामी परत पाठवायची नाही. औषध हे उसनं द्यायचं नसतं, हे दोघींपैकी एकीच्याही डोक्यात आलं नाही. एकीला मागताना मोठेपणा वाटत होता, दुसरीला देताना.

आत्तींचा रविवारचा जोतिबाचा उपास. पोटात नुसता चहा. त्यांनी आत येऊन चारही गोळ्या एकदमच टाकल्या. का, तर मालू कधीपासून खातेय, आपण मागं पडलोय, तेवढं अंतर तोडायला नको? हे कारण त्यांनी नंतर स्वतःच्या तोंडानं सांगितलं, आणि तेही आपलं काही चुकलं असं न वाटता.

संध्याकाळी डेअरीच्या रांगेत उभ्या असताना त्यांनी माझा दंड धरला. "निशी, सगळं पांढरं दिसतंय गं," म्हणाल्या आणि खाली बसल्या. बसल्या कुठल्या, कोसळल्याच. किटली कलंडून दूध पायरीवरून वाहत गेलं. अंग गार, घामानं ब्लाऊज ओला. कुणीतरी रिक्षा आणली. मामा गोठ्यातून धावत आले ते तसेच, शेणाच्या हातांनी. आणि त्यांच्या मागून मालूकाकी. पेशंटची चाल विसरून पळत, केस सुटलेले. रिक्षात त्यांनी आत्तींचं डोकं मांडीवर घेतलं. रडत रडत आधी आत्तींना आणि मग दवाखान्यात डॉक्टरांना त्या एकच सांगत होत्या, "मी दिल्या गोळ्या. म्याच दिल्या." त्या बोलल्या म्हणून बरं झालं. नाहीतर डॉक्टर अंदाजच लावत बसले असते.

डॉक्टरांनी आत्तींचे पाय उंचावर ठेवले, सलाईन लावलं, छातीला तारा चिकटवल्या. "या एका गोळीत दोन औषधं आहेत," ते म्हणाले. "दोन्ही रक्ताच्या नळ्या सैल करतात. ज्याचं प्रेशर चढलंय त्याच्या हृदयावरचा आणि मेंदूवरचा भार त्यानं उतरतो. पण ज्याचं प्रेशर मुळात ठीक आहे त्यानं चार खाल्ल्या तर ते पार तळाला जातं. थोडक्यात वाचल्या. का घेतल्या पण?"

आत्ती डोळे मिटून पडल्या होत्या. मामा पलंगाच्या पायथ्याशी उभे होते, आत्तींच्या चपला हातात धरून. मग आत्तींनी डोळे न उघडताच सांगितलं.

"गनपा तिला रोज हातानं गोळी देतोय. अंगनात, समद्यांम्होरं. पेला घिऊन उभा ऱ्हातोय. मला कुनी कवा पान्याचा घोट दिला न्हाय. मी दिसतीया कुणाला? म्हसबी दिसती ह्यांना. मला लई जळाय हुतंय."

मालूकाकींनी तोंडाला पदर लावला. मामांचा चेहरा आधी लाल झाला, मग काळानिळा. त्यांनी चपला खाली ठेवल्या, भिंतीला हात लावला आणि बाकावर बसले. नर्सनं त्यांच्याकडे एकदा बघितलं आणि विचारलंच नाही. थेट त्यांच्या दंडाला पट्टा गुंडाळला.

"मला काय धाड भरलीया?" मामा म्हणाले.

पट्टा फुगला, उतरला, तिनं परत फुगवला. दोनशेच्या वर.

डॉक्टर आत्तींना सोडून मामांकडे आले. डोकं दुखतं का, कधी तपासलं होतं का? कधीच नाही. किती वर्षं चढलेलं असेल देव जाणे, डॉक्टर म्हणाले, हे दुखत नाही, खुपत नाही, एक दिवस सरळ लकवा मारतो किंवा छातीत धरतं. आता रोज एक गोळी, जन्मभर. बरं वाटलं म्हणून सोडायची नाही, आकडा खाली आला म्हणूनही सोडायची नाही. तो गोळीनंच खाली आलेला असतो. आणि मीठ बंद.

आत्ती पलंगावरून हे सगळं ऐकत होत्या. सलाईननं त्यांच्या अंगात जरा धुगधुगी आली होती. "म्हंजे," त्या क्षीण आवाजात म्हणाल्या, "मी खाल्लं मीठ आनि बीपी गावलं ह्यास्नी?"

त्यांना सोडताना डॉक्टरांनी त्यांच्यासाठीही गोळ्या दिल्या. आत्ती उठून बसल्या. "कसल्या?"

"कॅल्शियमच्या. हाडांसाठी."

आत्तींच्या अंगाचा तिळपापड झाला. "कॅल्शम म्हशीला पाजत्यात," त्या रिक्षात बसेपर्यंत म्हणत होत्या. घरी आल्यावर त्यांनी ते पाकीट फोडून राणीच्या पेंडीत घातलं.

आता आमच्या अंगणाची नवी सकाळ सुरू झाली. समोरच्या कट्ट्यावर गणपतकाका पेला घेऊन यायचे आणि मालूकाकी बसल्या बसल्या गोळी घ्यायच्या. इकडच्या कट्ट्यावर मामा बसायचे आणि पेला घेऊन उभं कोण? आत्ती. गोळी आत्तींनी काढायची, पाणी आत्तींनी आणायचं, मामांनी हात पुढे करायचा. दिवसाकाठच्या कामांत आणखी एकाची भर. दवाखान्यात बोललेलं मामांनी ऐकलं होतं की नाही याचा पत्ता लागत नव्हता. ते गोळी गिळायचे आणि खाकरायचे, बस्स. एके दिवशी मालूकाकी तिकडून म्हणाल्या, "आक्का, नशीबवान गं तू. नवऱ्याची सेवा घडतीया." त्या वाईट मनानं म्हणाल्या नव्हत्या. पण आत्तींच्या नाकाला ज्या मिरच्या झोंबल्या त्या उतरल्याच नाहीत.

दुसऱ्या दिवशी आत्तींनी पेला भरला नाही. मामांच्या गोळ्यांचं पाकीट खिडकीत ठेवलं, चहा दिला आणि कट्ट्याच्या टोकाला पाठ करून बसल्या. मी उठायला लागले तर डोळ्यांनी दटावलं. "बस. त्यांचं त्यास्नी घिऊ दे."

मामांनी चहा संपवला. खाकरले. आत्ती हलल्या नाहीत. मामा परत खाकरले. समोर गणपतकाका पेला घेऊन बाहेर आले, मालूकाकींनी हात पुढे केला आणि आमच्याकडचा रंग बघून तसाच धरून ठेवला. गोठ्यात राणी हंबरली. तिची पेंडीची वेळ टळत होती.

मामा उठले. मला वाटलं, निघाले गोठ्यात. पण ते घरात गेले. भांड्यांचा खडखडाट झाला. कुठली वस्तू कुठं असते हे त्या माणसाला आयुष्यात ठाऊक नव्हतं. मग ते बाहेर आले. एका हातात पाण्यानं काठोकाठ भरलेला पेला, अर्धं पाणी धोतरावर. दुसऱ्या हातात पाकिटातून काढलेली गोळी. ते कट्ट्याच्या टोकाला गेले, आत्तींच्या समोर उभे राहिले, आणि अंगणात, मालूकाकी, गणपतकाका आणि रस्त्यावरून किटल्या घेऊन जाणारी माणसं या सगळ्यांच्या देखत म्हणाले,

"आ कर."

आत्तींनी वर बघितलं.

"आ कर गं अंबू."

आणि त्यांनी गोळी आत्तींच्या तोंडात घातली. हातावर ठेवली नाही. तोंडात, स्वतःच्या बोटांनी, रोज राणीला भरवायची सवय असलेल्या त्या हातानं. मग पेला ओठांना लावला. आत्ती पाणी प्यायल्या, घोट घोट करत, तळापर्यंत. मामा पेला परत घ्यायला उभे होते.

मी मात्र हादरले होते. घरात पाकीट एकच होतं. आत्तींच्या गोळ्या राणीच्या पोटात गेलेल्या. म्हणजे ही मामांचीच बीपीची गोळी होती, आणि आत्तींना नुकतंच दवाखान्यातून आणलेलं. पण सगळ्या गावापुढे ओरडू कशी? आत्ती शांतपणे उठल्या, पदर सावरला आणि आत गेल्या. मी त्यांच्या मागे धावले.

मोरीजवळ उभं राहून त्यांनी तळव्यावर गोळी थुंकली. गालात धरून ठेवली होती.

"ह्यांची हाय," त्या म्हणाल्या. "ही भिजली. दुसरी काढ पाकिटातनं. त्यांची चुकाय नगो." त्यांचे डोळे भरलेले होते आणि तोंडभर हसू होतं. "आनि मालूला सांगशील तर बघ."

मी खिडकीतून पाकीट काढून दुसरी गोळी दिली. त्यांनी चूळ भरली, पेल्यात पाणी घेतलं आणि दाराशी आल्या. तेवढ्यात समोरच्या कट्ट्यावरून मालूकाकींचा आवाज आला, सगळ्या अंगणाला ऐकू जाईल असा.

"बघितलंसा? भावजींनी तोंडात घातली. नाव घिऊन घातली! तुमी आपली हातावर ठेवतायसा, परसाद दिल्यागत!"

आत्ती उंबऱ्याच्या आत थबकल्या. मी त्यांना हलकेच पुढे ढकललं, मामा ताटकळलेत म्हणून. त्यांनी माझा हात बाजूला केला.

"थांब," त्या कुजबुजल्या. "तिचं बोलून हू दे. मग जाती."